एका बल्बात दोन खोल्या

घेवडा काढणीला आला आणि नको तेव्हा पाऊस आला. आला तो मुक्कामालाच आला. शेंगा वेलावर भिजल्या, तोडून घरात आणल्या तर घरही ओलं. मग ओसरीवर, पुढच्या खोलीत, मिळेल तिथं त्या पसरल्या आणि दोन पंखे त्यांच्यावर रोखून लावून ठेवले. पंखे थांबलेच नाहीत. शेंगा वाळल्या, पण दाण्यावर जे उमटायचं ते उमटलं. पांढऱ्या दाण्यावर फिकट पिवळा ठिपका, तिळाएवढा. खायचा घेवडा असता तर त्या ठिपक्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हा बियाण्याचा होता. बी कंपनीनं पेरायला दिलं होतं, पीक कंपनीच उचलणार होती आणि डागी दाणा कंपनीला चालत नव्हता. म्हणजे आता एकेक दाणा डोळ्यांखालून घालायचा. आणि या घरात निवडायचं काम निघालं की ते बायकांचं, हे कुणाला सांगावंही लागत नव्हतं.

बायका दोघीच. सासू आणि सून. दिवसभर दोघी शेतात राबायच्या. उरलेल्या शेंगा तोडायच्या, वेल उपटायचे, निसरड्या बांधावरून डोक्यावर भारे आणायचे. दिवस मावळला की हातपाय धुऊन निवडायला बसायचं, आणि बसायचं ते मागच्या खोलीत. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. उंदीर शिरू नयेत म्हणून ती तशीच बांधलेली होती. उंदीर शिरत नव्हते, हे खरं. उजेडही शिरत नव्हता.

या उजेडाचं सांगायचं तर म्हाताऱ्यापासून सुरुवात करावी लागेल.

म्हातारा म्हणजे सासरा. गावात त्याला मीटर म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. उठल्या उठल्या तो तोंडही न धुता दारामागच्या विजेच्या मीटरपुढे जाऊन उभा राही आणि त्यावरचा तांबडा ठिपका किती भरभर लुकलुकतो ते बघत बसे. लुकलुक जास्त वाटली की घरात चौकशी सुरू. कोण जागं होतं, कुणी काय लावलं, का लावलं. माणूस वाईट नाही, असं त्याच्याबद्दल सगळे म्हणत. चांगला आहे, असं मात्र कुणी म्हटल्याचं सुनेच्या कानावर आलं नव्हतं.

घर बांधताना त्यानं बटणांचा बोर्ड एकच घेतला होता. सगळ्या खोल्यांची बटणं त्याच बोर्डावर, आणि तो बोर्ड पुढच्या खोलीत, त्याच्या खाटेच्या उशाशी. चुलीपाशी अंधार पडला तर तिथं बटण नाही. तिथून हाक मारायची, "लाईट लावा!" मग म्हातारा पडल्या पडल्या दाराबाहेर बघणार, आभाळात अजून किती उजेड शिल्लक आहे याचा अंदाज घेणार आणि पटलं तर हात वर करणार. नाही पटलं तर म्हणणार, "कामाला हात लागतात. उजेड कशाला?"

त्यातून स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधल्या भिंतीत, पार वर, छताजवळ, एक झरोका ठेवलेला होता. त्या झरोक्यात एक बल्ब. एका बल्बात दोन खोल्या, असं म्हातारा आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा आणि आलागेला मान डोलवायचा, कारण आलागेला पुढच्या खोलीत बसायचा. बल्ब लटकत होता झरोक्याच्या स्वयंपाकघराकडच्या तोंडाशी. मागच्या खोलीत बसलं की तो दिसतच नसे. छतावर एक पिवळट पट्टा तेवढा दिसे, तोही पोती वरपर्यंत रचलेली नसली तर.

याच खोलीत सासू रातांधळी ठरली होती. सून तेव्हा या घरात नवी होती. हंगाम चालू, पोती छताला टेकलेली, सासू एकटीच निवडायला बसलेली. तिनं आतून हाक दिली, "अहो, लाईट लावा."

"लागलेलाच आहे," म्हातारा पुढून म्हणाला.

"कुठं? मला काही दिसत नाही."

पुढे दोनतीन माणसं गप्पा मारत बसली होती. ती खो खो हसली. म्हातारा उठला, स्वयंपाकघरापर्यंत गेला, मान वर करून बघितलं. बल्ब खरोखरच लागलेला होता. मागच्या खोलीत पाऊल टाकून बघावं, असं काही त्याला वाटलं नाही. "हिचे डोळे गेले," त्यानं परत येऊन जाहीर केलं. दिवसा नीट दिसतं आणि संध्याकाळी दिसत नाही, म्हणजे हे रातांधळेपण, असं कुणीतरी म्हणालं. शब्द सापडला आणि प्रकरण मिटलं. सूनसुद्धा तेव्हा पदर तोंडाला लावून हसली होती.

मग थेंबांची बाटली आली. दिवेलागणीला डोळ्यांत थेंब घालायचे, ते झोंबायचे, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं आणि बराच वेळ खरोखरच काही दिसायचं नाही. तेव्हा तर घरातल्यांची खात्रीच पटली. संध्याकाळी चुलीपाशी जायचं नाही, भाजेल. विहिरीकडे जायचं नाही, पडेल. पुढे नात झाली. दिवसा आजी शेतात, आणि घरी येईपर्यंत आंधळी. ती भिंतीला टेकून हात पुढे करून बसायची आणि कुणीतरी म्हणायचं, "नको आई, तुमच्या हातून पडेल पोर." हात पुन्हा मांडीवर. निवडायला मात्र बसायचंच, त्याला सूट नाही. हातांना सवय आहे ना, म्हातारा म्हणायचा. आणि निवडलेल्यात खडा निघाला, किडका दाणा निघाला, की तो सासूच्या नावावर जायचा. सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाच ते पटलं होतं. "मला कुठं दिसतंय बाई," हे ती आता कुणी विचारायच्या आधीच म्हणत असे.

तर या वर्षी पंखे चालले आणि मीटरवरचा ठिपका वेड्यासारखा लुकलुकला. बिल आलं. म्हातारा ते हातात धरून दिवसभर बसला आणि संध्याकाळी म्हणाला, घरातले सगळे जुने बल्ब काढून टाकायचे, नवे कमी खाणारे आणायचे. पंख्यांना तो काही बोलला नाही. पंखे त्यानंच लावले होते.

बाजारात जाताना सुतळी आणि पोती शिवायचा दाभण घ्यायचा होता म्हणून सूनही बरोबर गेली. रुमालाच्या टोकाला तिनं काही दाणे बांधून घेतले होते. डाग म्हणावा की नाही अशा शंकेचे दाणे होते ते. कंपनीचं खरेदी केंद्र वाटेतच होतं, तिथं कुणाला तरी दाखवावेत असा तिचा विचार होता. केंद्र बंद निघालं.

विजेच्या सामानाच्या दुकानात भिंतीवर एक फळी होती आणि फळीवर ओळीनं बल्ब लागलेले. पिवळे, पांढरे, लहान, मोठे. म्हाताऱ्यानं प्रत्येकाजवळ हात नेऊन बघितला. त्याचा असा हिशेब होता की जो तापतो तो खातो. नव्यांतला एकही तापत नव्हता, त्यामुळे तो जरा गोंधळला.

"सगळ्यात कमी खाणारा कुठला?" त्यानं विचारलं.

"बाबा, खाणं वेगळं आणि उजेड वेगळा," दुकानदार म्हणाला. "खोक्यावर दोन्ही लिहिलेलं असतं. हे वॅट, म्हणजे खाणं. हे लुमेन, म्हणजे उजेड. आणि हा रंग, पिवळा हवा का पांढरा. तुम्ही खोली सांगा, तिथं काय काम करता ते सांगा, मग मी बल्ब सांगतो."

"काम काय करायचंय? राहायचंय," म्हातारा म्हणाला.

सुनेनं रुमालाची गाठ सोडली. एक दाणा तिनं पिवळ्या बल्बाखाली धरला. दाणा स्वच्छ, कुठं काही नाही. तोच दाणा पांढऱ्या बल्बाखाली धरला आणि ठिपका असा समोर आला की तिनं बोटानं पुसून बघितला. पुन्हा पिवळ्याखाली, ठिपका गायब. पिवळ्या उजेडात पिवळा डाग दिसणार कसा? इतके दिवस रोज संध्याकाळी दोघींनी मिळून जे निवडलं, ते काय निवडलं?

"बाबा, इकडे बघा," ती म्हणाली. "या बल्बात डाग दिसतो. मागच्या खोलीला हा पांढरा घ्या. तिथंच आम्ही निवडतो."

"वहिनी बरोबर बोलतायत," दुकानदार म्हणाला. "आणि तुमच्या जुन्या बल्बाच्या मानानं हा काहीच खात नाही."

म्हातारा पांढऱ्या बल्बाकडे टक लावून बघत राहिला. डोळे दिपले तरी बघत राहिला. बल्ब त्याला आवडला होता, ते दिसतच होतं. "चांगला आहे," तो म्हणाला. "हा पुढच्या खोलीला. असलाच एक फाटकावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. एवढा चांगला बल्ब मागं लावून काय करायचाय? तिथं बघणार कोण?"

"आम्ही बघणार, बाबा. बघायलाच तर बसतो तिथं."

त्यानं ऐकलं नाही. फळीच्या टोकाला करंगळीएवढा एक बल्ब मिणमिणत होता, त्याच्याकडे त्यानं बोट केलं. "हा किती खातो?"

"अर्धा वॅट. पण बाबा, हा झोपायच्या खोलीतला आहे. रात्री उठलं तर भिंतीवर आपटू नये म्हणून लावतात."

"मग झालं तर," म्हातारा म्हणाला. "भिंत दिसली की पुरे."

वाटेत सुनेच्या हातातल्या पिशवीत तीन खोकी एकमेकांवर आपटत होती, दोन मोठी आणि एक लहान, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. हा माणूस उधळ्या असता तरी समजलं असतं. गरीब असता, नाइलाज असता, तरी समजलं असतं. फाटकाला, जिथं कुणी बसत नाही, उठत नाही, तिथं लखलखाट. आणि ज्या खोलीत घराचं वर्षाचं पीक दाण्यादाण्यानं दोघींच्या हातून जातं, तिथं करंगळी. नवऱ्याला तिनं घरी आल्यावर सांगितलं. नवरा स्वभावानं गरीब. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे ना. हंगामापुरतं सांभाळून घे." हंगाम संपल्यावर निवडायला काय राहणार होतं, हे काही त्यानं सांगितलं नाही.

त्या दिवसापासून पुढची खोली अशी उजळली की शेजारचा गवंडी रोज संध्याकाळी मुद्दाम येऊन बसू लागला. हे घर त्यानंच बांधलेलं. नात त्या उजेडात पालथी पडून शाळेचा अभ्यास करायची, म्हातारा खाटेवर मांडी घालून बल्बाचं वर्णन करायचा. आणि मागच्या खोलीत दोघी भिंतीला पाठ लावून, ताट मांडीवर घेऊन बसायच्या. झरोक्यात आता तो करंगळीएवढा बल्ब होता आणि छतावरचा पिवळट पट्टासुद्धा गेला होता. दाणा नाकाशी धरावा तेव्हा दाणा आहे एवढं कळे. सून ताट उचलून चुलीच्या जाळापाशी नेऊन बघायची, पुन्हा आणायची, पुन्हा न्यायची. मानेत कळ भरायची, पाठीचा कणा भिंतीला घासून सोलवटायचा, डोळे चुरचुरायचे. सासू बोटांनीच चाचपून निवडायची. सुरकुतलेला दाणा बोटांना कळतो. डाग बोटांना कळत नाही.

"आई, तुम्हाला काही दिसतंय का हो?" एकदा सुनेनं विचारलं.

"मला कुठं दिसतंय बाई," सासू म्हणाली. "तुला दिसतंय ना? मग झालं."

सुनेला दिसत नव्हतं. आणि सुनेला दिसत नाही याचा अर्थ काय होतो, हे तेव्हा तिच्या डोक्यात पुरतं शिरलं नाही. इतकी वर्षं घरानं एक गोष्ट धरून ठेवली की ती भिंतीसारखी होते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

पोती शिवून झाली, गाडीवर चढली. खरेदी केंद्रावर ही रांग. केंद्रावर तपासायला कंपनीचा माणूस बसायचा, त्याला सगळे भिंगवाला म्हणत, कारण गळ्यात दोरीनं भिंग अडकवलेलं असे. ते तो फारसं वापरत नसे. त्यानं पोत्यात नळी खुपसली, मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर ओतले आणि भिंगाला हातही न लावता बोटानं ढकलत गेला. हा, हा, हा, हाही. दुसऱ्या पोत्यातून काढले. तेच. उघड्यावरच्या उजेडात ते डाग असे दिसत होते की सुनेला मान वर करवेना.

"हे निवडलंय?" भिंगवाला म्हणाला. "का नुसतं पोत्यातून पोत्यात ओतलंय? घरात कुणाचे डोळे गेलेत का?"

रांगेतले लोक पुढे सरकून बघायला लागले. सून म्हणाली, "डोळे आहेत साहेब. घरात उजेड नाही."

तिचं वाक्य संपायच्या आत म्हातारा मध्ये शिरला. "उजेड भरपूर आहे हो! नवे बल्ब बसवलेत, विचारा कुणालाही. आमची म्हातारी रातांधळी आहे, तिनं घोळ घातलाय."

"मग कशाला बसवता आंधळ्या माणसाला निवडायला?" भिंगवाला म्हणाला, आणि रांगेत हसू पसरलं. म्हाताराही हसला. सगळ्यांबरोबर, मान हलवत, आता काय करणार बुवा, अशा थाटात. सुनेनं गाडीचा दांडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. जी बाई इथं नाही, तिच्या तोंडावर नव्हे तर पाठीमागं, चार गावच्या लोकांत तिला असं उभं करायचं? आणि तेही स्वतःची करंगळी झाकायला?

भिंगवाल्यानं कागद झटकला. उद्या सकाळी गाड्या भरून निघणार आहेत, त्याच्या आत निवडून आणा, तो म्हणाला. नाहीतर हा माल खाण्याच्या भावात जाईल आणि पुढच्या वर्षी तुमच्या घराला बियाणं मिळणार नाही. ज्यांना निवडता येतं त्यांना देऊ.

गाडी परत आली तेव्हा दुपार कलली होती. सासू अंगणात वेलांच्या काड्या बांधत होती. पोती परत उतरताना बघून ती उठली. काय झालं ते म्हाताऱ्यानंच सांगितलं, ओसरीवरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "तुझ्या डोळ्यांपायी तोंडाला काळं लागलं. आता या दाण्यांना हात लावू नकोस."

सासूनं वर बघितलं नाही. कपड्याला हात पुसले, विळा उचलला आणि शेताकडे निघाली. "काड्या राहिल्यात अजून," एवढंच म्हणाली. तिची चाल नेहमीसारखीच होती, फक्त विळा तिनं उलटा धरला होता.

सून आणि नवरा अंगणात गोणपाट पसरून बसले. उन्हात काम झरझर होत होतं. पण ऊन कुणासाठी थांबत नाही. सावल्या गोणपाटावर चढल्या, मग सावल्याही गेल्या, आणि निम्म्यावर माल तसाच. नवरा सवयीनं पोती मागच्या खोलीकडे ओढायला लागला.

"तिकडे नको," सून म्हणाली.

"मग कुठं?"

तिनं पोत्याची दोन टोकं धरली आणि ते फरफटत पुढच्या खोलीत आणलं. म्हातारा खाटेवर होता. गवंडी येऊन बसला होता. नात वही घेऊन पडली होती. सुनेनं खोलीच्या मधोमध, पांढऱ्या बल्बाच्या बरोबर खाली, धुतलेली चादर अंथरली आणि पोतं ओतलं. दाणे गवंड्याच्या पायापर्यंत घरंगळत गेले.

"हे काय?" म्हातारा म्हणाला. "बसायउठायची खोली आहे ही."

"निवडायची आहे आजपासून," सून म्हणाली. "इथं दिसतं, म्हणून इथं. तुम्हाला अडचण होत असेल तर मागं जाऊन बसा. तिथं बल्ब लावलाय तुम्ही."

गवंड्यानं पाय वर घेतले आणि भिंतीकडे बघायला लागला. म्हाताऱ्यानं मुलाकडे बघितलं. मुलगा खाली बसला, ताट ओढलं आणि निवडायला लागला. इतक्या वर्षांत त्यानं बापाला दिलेलं हे पहिलं उत्तर होतं, आणि तेही तोंडानं नाही.

तेवढ्यात सासू शेतातून आली. काड्यांचा भारा अंगणात टाकून ती सवयीप्रमाणे पुढच्या खोलीच्या कडेकडेनं, भिंत धरून आत निघाली.

"आई, या. बसा इथं," सून म्हणाली.

"मी कशाला? हात लावायचा नाही सांगितलंय. आणि मला कुठं दिसतंय."

"बसा तर खरं."

सुनेनं तिला हाताला धरून चादरीवर बसवलं आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं. दिवेलागणीनंतर ती या खोलीत अशी मधोमध कधी बसलीच नव्हती. इथं पुरुष बसत, आणि तिला आत काम असे. आज थेंबही घातले नव्हते. आधी तिनं नेहमीसारखी बोटं दाण्यांत घातली आणि चाचपायला लागली. मग चाचपता चाचपता तिची नजर बोटांवर गेली.

"अगं बाई," ती म्हणाली. "नखात माती आहे माझ्या."

तिनं हात उलटा केला, सुलटा केला. मग ताटातला एक दाणा उचलून समोर धरला. "याला डाग आहे," ती म्हणाली. तो बाजूला टाकला. दुसरा उचलला. "याला नाही." तिसरा. "हा बघ, कडेला." मग ती बोलायची थांबली आणि बोटं चालायला लागली. दाणे ताटात दोन बाजूंना पळायला लागले. सून आपलं काम सोडून बघत राहिली. सासूच्या चांगल्या दाण्यांच्या ढिगात तिनं हात घालून पसरून बघितलं, एकही डागी नव्हता. तेव्हा कुठं ते सगळं तिच्या डोक्यात एकदम शिरलं, आणि रागानं तिचे डोळे भरून आले. डोळे कधी गेलेच नव्हते. कुणी नेलेही नव्हते. फक्त एक बल्ब लावला नव्हता.

सासूलाही ते कळलं होतं. तिची बोटं हळूहळू थांबली. तिनं वर बल्बाकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे, जिथून अंधार दिसत होता. मग वही घेऊन बसलेल्या नातीकडे. पोर आता चांगली उंच झाली होती, पाय पार भिंतीपर्यंत पोचत होते.

"हिला मी संध्याकाळची कधी घेतलीच नाही," ती म्हणाली. "पडेल म्हणाले सगळे."

"आई..." सून म्हणाली.

"एकदासुद्धा नाही गं. आता काय घेऊ? माझ्यापेक्षा उंच होईल ती उद्या."

खाटेवर म्हातारा हलला. "आता बास झालं," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी दिसतं, एखाद्या दिवशी नाही, असंच असतं ते दुखणं. मागच्या खोलीत काय वाईट उजेड आहे? एका बल्बात दोन खोल्या चालतात इतकी वर्षं. विचार याला, यानंच बांधलंय."

"मी झरोका हवेसाठी ठेवला होता," गवंडी भिंतीकडे बघतच म्हणाला. "बल्बाचं तुमचं तुम्ही."

सासू उठली. हातातलं ताट तिनं दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे धरलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता. तो राग या घरात कुणी आजवर पाहिला नव्हता, कदाचित तिनंही नाही.

"चार गावच्या लोकांत सांगून आलात ना, तिथं भरपूर उजेड आहे म्हणून? मग हे घ्या. मूठभरच आहेत. मागं बसून निवडून आणा. डागी एकीकडे, चांगले एकीकडे."

"मला काय सांगतेस?"

"आंधळी होते मी. तुम्ही नाही ना?"

गवंड्यानं आता मान वळवली आणि तो म्हाताऱ्याकडे बघत राहिला. सूनही बघत होती, मुलगाही, नातही. म्हाताऱ्यानं ताट हिसकावून घेतलं. "दाखवतो तुला," तो म्हणाला आणि तरातरा आत गेला. स्वयंपाकघरात त्याचा पाय कशाला तरी लागला, भांडं पडलं. मग मागच्या खोलीत पोत्याला पाठ घासल्याचा, खाली बसल्याचा आवाज आला.

सासू खाटेवर बसली. त्या खाटेवर आजवर दुसरं कुणी बसलेलं सुनेनं पाहिलं नव्हतं. तिनं दुसरं ताट मांडीवर ओढलं आणि निवडायला लागली. उशाशी बोर्ड होता, तिच्या खांद्याला लागून.

"अगं ए," आतून हाक आली. "लाईट लाव!"

सासूनं मान वळवून बोर्डाकडे बघितलं. झरोक्याचं बटण खाली होतं, म्हणजे चालूच होतं. तिनं एक डागी दाणा उचलून बाजूला टाकला.

"लागलेलाच आहे," ती म्हणाली.

"कुठं? मला काही दिसत नाही!"

पुढच्या खोलीत कुणीही हसलं नाही.

"कोनाड्यात बाटली आहे," सासू म्हणाली. तिनं पुढचा दाणा उजेडात धरला, नीट फिरवून पाहिला आणि चांगल्यांत टाकला. "डोळ्यांत थेंब घाला. झोंबतात जरा. सवय होते."